राजाची दाढी आणि मावशीची कोरफड

रंगपटातली मावशी चाळीस वर्षं नटांना दाढ्या चिकटवत होती आणि डिंकानं उठलेल्या पुरळावर कुंडीतल्या कोरफडीचा गर लावत होती. त्या दिवशी राजाची हनुवटी लालभडक झाली होती.

"मावशी, आज दरबारात खाजवलं तर भूमिका दुसऱ्याला जाणार."

"गप बस रे. तोंड उघडलंस तर कोरफड कडू लागेल."

खाज थांबली खरी, पण ओल्या गरावर डिंक धरेना. राजानं अख्खा दरबार हनुवटीला हात लावून चालवला. विंगेत मावशीनं जीव मुठीत धरला होता, रंगमंचावर राजानं दाढी.

पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाले, "काय विचारी राजा उभा केलास. रोज असाच कर."

मावशी साळसूदपणे म्हणाली, "म्हणजे आणखी एक कुंडी आणायला हवी."