दीड पानाची साक्ष

कांबळेकाका गेल्याचं मला कोर्टाच्या आवारातच कळलं. टपरीवर चहा घेत होते, तेवढ्यात ओळखीचे बेलिफ आले आणि म्हणाले, "वकीलबाई, आपलं टायपिस्ट कांबळे गेलं की काल. झोपेतच." मी चहा संपवला आणि पुढच्या केसला जाऊन उभी राहिले. कोर्टात वर्षानुवर्षं काढली की माणूस असा निबर होतो. रडू आलं ते चार आठवड्यांनी, त्यांच्या घरी... त्याविषयीच हे लिहिते आहे.

नव्वदीच्या सुरुवातीला मी कोल्हापुरात सरकारी वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करायला लागले, तेव्हा सेशन्स कोर्टात काकांच्या टायपिंगचा दरारा होता. शाहूवाडीकडच्या खेड्यातल्या बौद्ध वस्तीतून आलेला माणूस. वडिलांनी जन्मभर कागदांवर अंगठाच उठवला, वर काय लिहिलंय ते त्यांना कधी कुणी सांगितलं नाही. म्हणून काकांना कागद स्वच्छ हवा, वाचणाऱ्याला एका दमात कळेल असा. वकील प्रश्न विचारत, न्यायाधीश साहेब साक्षीदाराच्या उत्तराचं वाक्य करून सांगत आणि काका ते टाइप करत. प्रश्न गळून जात, उरे ती सलग हकिकत. पद्धतच तशी होती. काकांचा हात इतका बसलेला, की थकलेले साहेब पुष्कळदा नुसतं म्हणत, "कांबळे, घ्या बसवून." आणि काका बसवून घेत.

दोन-तीन वर्षांनी ती मुलगी आली. आठ वर्षांची, काकांच्याच तालुक्यातली. नाव लिहीत नाही. गावातल्या दुकानदाराने तिच्यावर अत्याचार केला होता, पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि डॉक्टरी तपासणी इतकी उशिरा झालेली, की दाखल्यात धड काही नव्हतं. केस उभी होती ती तिच्या शब्दावर. सकाळी ती साक्षीला उभी राहिली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत. एकेका प्रश्नाला ती... गप्प. आईकडे बघायची, फ्रॉकचं टोक पिळायची, मग कुठे एखादा शब्द. साहेबांनी न चिडता पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी काकांना म्हणाले, घ्या बसवून. दुपारी कागद हातात आला. दीड पान, एक खाडाखोड नाही. मी तो वाचला आणि काकांना म्हणाले, किती छान बसवलंत. हे मी म्हणाले होते. ते विसरायची मला सोय नाही.

आरोपीला शिक्षा झाली. तो मुंबईला हायकोर्टात अपिलात गेला आणि जामिनावर सुटून पुन्हा त्याच दुकानात बसायला लागला. मुलगी त्याच दुकानावरून शाळेत जायची. अपील सुनावणीच्या बोर्डावर यायला सहा वर्षं गेली. अपिलात मूल पुन्हा उभं राहत नाही, तिथे बोलतो तो कागद. न्यायमूर्तींनी तो काळजीपूर्वक वाचला असणार, कारण त्यांनी लिहिलं, की एवढ्या लहान मुलीच्या तोंडून इतकी सलग, कुठेही न अडखळलेली हकिकत पढवल्याशिवाय येणं कठीण आहे आणि दुजोरा देणारा दुसरा पुरावा नाही. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला. त्याच्या वर, सुप्रीम कोर्टात जायला सरकार तयार झालं नाही. न्यायमूर्तींवरही मला धड रागावता येत नाही. पुढ्यात जे होतं ते वाचून मीही कदाचित तेच लिहिलं असतं.

निकाल मी मायलेकींना आवारातल्या बाकावर बसवून सांगितला. काका मागे उभे होते. मुलगी आता चौदा वर्षांची. तिने एवढंच विचारलं, "म्हंजे माझं खोटं हाय, असं म्हणत्यात व्हय?" मी कायद्यातलं बोलायला लागले... संशय, फायदा, पुरावा. तिने मान खाली घातली. त्या दोघी एसटी गाठायला गेल्यावर काका म्हणाले, "ती अडखळत हुती की वो. तिचं अडखळणं मीच काढून टाकलं."

त्यानंतर लहान मुलाची साक्ष असली, की काका मध्येच टाइप करत, 'साक्षीदार गप्प राहते.' साहेब लोक ते खोडायला लावत. एकांनी तर भर कोर्टात झापलं, की गप्प बसलेलं कसलं टाइप करता. निवृत्त होईपर्यंत काकांनी ते सोडलं नाही, आणि त्यामुळे कुठे काही बदललं असंही नाही. उगीच खोटं कशाला लिहू?

कोर्टात संगणक आले तेव्हा भंगारात निघालेलं आपलं मशीन काकांनी घरी नेलं होतं. भेटायला गेले तेव्हा काकूंनी मला त्याच्यापुढे नेलं. शेजारी कागदांची चळत. तीच साक्ष, आठवून आठवून पुन्हा पुन्हा टाइप केलेली. या वेळी प्रश्न सुटा, उत्तर सुटं, आणि ती गप्प होती तिथे टिंबं... टिंबांच्या ठोक्यांनी कागदाला भोकं पडली होती. "ह्येचा आता कुटं उपयोग व्हईल का?" काकूंनी विचारलं. मी नाही म्हणाले. खरंच नाही. असला कागद कुठलंही कोर्ट हातात धरणार नाही.

शेवटचा कागद मशीनमध्येच होता. प्रश्न: तू घाबरली होतीस का? त्यापुढे टिंबं, ओळ संपेपर्यंत, आणि पुढची ओळही. कोर्टाच्या कागदावर या जागी एक वाक्य आहे, मला ते पाठ आहे: 'त्या वेळी मी फार घाबरले होते.' हे ती बोललीच नव्हती. मी तिच्यासमोर उभी होते, मला माहीत होतं. तिथेच खाली बसून मी रडले. काकूंनी कागद तसाच ठेवून मशीनवर कापड टाकलं आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.