दुखण्याची सावड

नवरा खाटेवरून खाली पडला आणि आम्हा दोघींना तो उचलता आला नाही. मी त्याच्या काखेत हात घातले. जावेनं डोक्यावर पदर ओढला, त्याच्या पायांवर टॉवेल टाकला आणि टॉवेलावरून पाय धरले. ती धाकट्या भावाची बायको. मोठा दीर म्हणजे भासरा, आणि भासऱ्याला आमच्यात हात लावत नाहीत. टॉवेल घसरला आणि नवऱ्याची डावी टाच फरशीवर आपटली. डावं अंग लकव्यानं गेलेलं होतं, म्हणून त्याला कळलं नाही.

आम्ही दुसऱ्यांदा उचललं, तेव्हा मीच त्याच्या अंगावर पडले.

"पॉलिसी घेतली असती तं," तो खालूनच म्हणाला.

"पॉलिसीनं उचललं असतं काय?"

उचललं असतं. पैसे आले असते, दोन गडी बोलावता आले असते. मला ते कळत होतं, पण पडलेल्या माणसाला कशाला सांगायचं.

पॉलिसीला आम्ही पन्नाशीत नाही म्हटलं होतं. आम्हाला मूल नाही. म्हातारपणी कोण बघणार, ही काळजी नवऱ्याला जास्त होती, म्हणून त्यानंच गोंदियाहून एजंट बोलावला. माणूस अंथरुणाला खिळला की कंपनी दर महिन्याला पैसे देणार होती. खिळला हे कसं ठरवायचं, तेही कागदावर होतं. अंघोळ, कपडे, जेवण, संडास, चालणं, उठणं. यातली तीन कामं स्वतःची स्वतःला जमली नाहीत की पैसे सुरू.

"दोन तं याले आजच जमत नाही," मी म्हणाले. "अंघोळीचं पाणी मलेच काढा लागते, ताट मलेच वाढा लागते."

एजंट हसला नाही. "माताजी, खाना हाथ से मुँह तक ले जाते हैं ना?"

"वो आता है," नवरा म्हणाला.

मी विचारलं, पैसे आले तरी अंघोळ कोण घालणार? एजंट म्हणाला, "आदमी मिल जाता है." मी चौथीपर्यंत शिकले, पण आमच्या गावात कोण मिळतं हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला, बाई मिळत नव्हती. ढुंगण धुवायला कुठून मिळाली असती?

रोवण्याला आम्ही पाच बाया सावड करायचो. आज पाचही जणी तुझ्या बांधीत, उद्या माझ्या. मजुरी नाही, कामाला काम. मी म्हटलं, दुखण्याचीही सावड करू. जी पडेल तिच्याकडे बाकीच्यांनी पाळीनं जायचं, तिला धुवायचं, भरवायचं. बांधावर डबे सोडून बसलो असताना हे ठरलं.

पाचातली एक, पलीकडच्या टोलीतली, म्हणजे वस्तीतली बाई विधवा होती. ती म्हणाली, "माझा तं सुटला. तुमचे चार सावडीत धरायचे का नाही?"

"धरा," जाऊ म्हणाली. "नाही तं शेवटी आपल्यालेच भोवतीन."

नवरे धरले. एजंट पुन्हा आला तेव्हा त्याला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग ताट वाढायची वेळ आली तेव्हा बोलला.

आमचं चुकलं ते असं. रोवण्यात एका वयाच्या बाया बऱ्या पडतात, ओळ सारखी मागे सरकते. दुखण्यात तसं नसतं. पाचही जणींची कंबर एकाच सुमारास गेली. आणि भासऱ्याचं तर कोणाच्या डोक्यातच आलं नाही, जावेच्याही नाही.

तरी बरीच वर्षं सावड चालली. टोलीतल्या बाईचा पाय मोडला तेव्हा मी पाळीनं तिच्याकडे जायचे. माझ्या हातच्या वरणाला चव नाही म्हणून ती रोज सांगायची आणि रोज वाटी पुसून खायची. मग एक गेली, दुसरी गेली, माझा सोडून बाकीचे तिन्ही नवरेही गेले. टोलीतल्या बाईला दिसेनासं झालं. नवऱ्याला लकवा झाला तोवर चालत्याफिरत्या मी आणि जाऊ एवढ्याच उरलो होतो.

खाटेवरून पडला त्या दुपारी तो सपरीत, म्हणजे ओसरीवर, उताणा पडून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान गोल फिरताना बघत होता. जावेनं शेवटी आपल्या सुनेला हाक मारली. सून धान पाखडता पाखडता आली, दारातूनच सगळं बघितलं.

"उचलून देते. पण मले सावडीत धरू नका."

"काऊन?" जाऊ म्हणाली.

"मी पडन तवा तुम्ही येसान का फेडाले?"

  सून चूक बोलली नव्हती.

तिनं टॉवेल उचलून बाजूला फेकला. "धरा पाय, सासूबाई. भासरा आहे, करंट नाही."

जावेनं पाय धरले. चाळीस वर्षं एका आवारात राहून पहिल्यांदा. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले. तिघींनी मिळून एका दमात त्याला खाटेवर टाकलं, आणि मग खाटच काढून गादी जमिनीवर घातली. जमिनीवरून पुढे कुठे पडणार?

दुसऱ्या दिवसापासून जाऊ टॉवेल न घेता यायला लागली. पदर मात्र घ्यायची. पदर दातात धरून ती त्याला कुशीवर वळवायची, आणि तो तेवढ्यात एकदा तरी पॉलिसीचं नाव काढायचा. असे चौदा महिने गेले. पाठीला एक जखम झाली नाही.

मग तो गेला. मागच्या उन्हाळ्यात जाऊ पडली. तिच्या पाळ्या मी केल्या, जेवढ्या झाल्या तेवढ्या. बाकीचं सुनेनं केलं, सावडीत न येता. पोळ्याच्या आधी जाऊ गेली. टोलीतली बाई दिवाळीनंतर.

सावडीत पाच बाया होत्या आणि चार नवरे. मी जिवंत आहे.