मोठ्या आईचं ताट

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या आईवर, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाच्या बायकोवर. कधी, तेही सांगते: धानाची रोवणी आटोपल्यावरच्या पहिल्या रविवारी, दुपारी दीड वाजता, करडी गावच्या आमच्या घरात, तिनेच सारवलेल्या स्वयंपाकघरात. ज्यांनी केला त्यांच्यात मीही होते. पहिल्या पंगतीत बसून मी तेव्हा भाषण झोडत होते.

विषय होता व्हिएतनाम. देशी धानाचं बियाणं जपणाऱ्या पोरापोरींच्या गटाबरोबर मी तिकडे गेले होते आणि एका शेतकऱ्याच्या घरी आठ दिवस राहिले होते. तिथला चिखल आपल्यासारखाच, धानाच्या बांधीत वाकलेल्या बायाही तशाच. रांधते बाईच, पुरुषाला भांडी घासताना मी एकदाही पाहिलं नाही. पण जेवायची रीत वेगळी. चटईवर मधोमध कालवणांचं एक मोठं गोल ताट, बाजूला भाताचं गंज, म्हणजे पातेलं. त्या गंजापाशी घरची बाई येऊन बसत नाही तोवर कोणी जेवायच्या काड्या उचलत नाही. मग वयाने जो सगळ्यांत लहान, त्याने एकेकाला नात्याने हाक मारून ‘जेवा’ म्हणायचं. ‘मोय’ म्हणतात त्याला. त्या घरात लहान मीच. पहिल्या दिवशी मी आजीला म्हटलं, काकांना म्हटलं आणि वाटी उचलली. सगळे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. शेवटी आजीने माझ्या गुडघ्यावर चापट मारली आणि रांधणाऱ्या काकूंकडे बोट दाखवलं. मी त्यांनाच विसरले होते. सवयच नव्हती ना.

हे सगळं मी करडीत रंगवून सांगत होते. पाहुणा आलेला मामा म्हणाला, “म्हंजे बाई नाई आली त भात थंडाच खातेत का वो ते?” सगळे हसले. मीही हसले. मोठी आई वाढत होती.

“तू बी बस ना,” मी म्हटलं. तोंडदेखलं म्हटलं, खोटं कशाला बोलू.

“जेव ना व बाई. मी मंग बसतो.”

तिला शुगर आहे. पंगत बाराला बसायची म्हणून गोळी तिने साडेअकराला घेतली होती. पाहुणे उगवले एक वाजता. पाहुण्यांआधी जेवण उष्टं करायचं नाही, म्हणून स्वतः तळलेला एक वडासुद्धा तिने तोंडात टाकला नाही. दीडला वरणाचं गंज उचलताना तिला भोवळ आली. उकळतं वरण उजव्या हातावर सांडलं, मनगटापासून कोपरापर्यंत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “गोळीनंतर काय खाल्लं होतं?” मोठ्या बाबांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, माझ्याकडे पाहिलं, मी मामाकडे. सगळे भरल्या पोटाने उभे होतो. डॉक्टरांनी बजावलं की गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवण. पुन्हा असं झालं तर नुसत्या हातावर निभावणार नाही.

बाहेर आल्यावर मोठे बाबा म्हणाले, “भूक लागली त सांगाले पायजे होतं तिनं. आमाले काय सपन पडते?”

सांगणार कोणाला? आमची सगळ्यांची तोंडं घासाने भरलेली होती.

सोमवारी तिचं ताट मी सगळ्यांत आधी वाढलं. तिने ते डाव्या हाताने मोठ्या बाबांकडे सरकवलं. “मानसाच्या आंधी कसी खाऊ? लोक काय म्हनतीन?”

“खाय ना,” मोठे बाबा म्हणाले, “पोरगी विमानातून कायदा घेऊन आली.” आणि समोर आलेलं ताट स्वतः जेवले. मंगळवारीही तेच. बुधवारी मात्र त्यांनी ते ताट उचलून तिच्यापुढे आदळलं. “जेव.” एवढंच, तेही खेकसून. ती जेवली, भिंतीकडे तोंड करून, भराभरा, चोरी केल्यासारखी. जे धान ती दरवर्षी कंबर मोडेस्तोवर लावते, त्याचा भात तिला चोरासारखा खावा लागतो. आणि तोही मोठ्या बाबांचा मूड असेल तर. उद्या नसला तर?

तुमच्याही घरी आज कोणीतरी रांधलंय. ती जेवली का, हे तुम्हाला ठाऊक नाही. हे वाचणं बाजूला ठेवा, उठा, तिचं ताट तुमच्या हाताने वाढा आणि तिने पहिला घास घेतल्याशिवाय तुमच्या ताटाला हात लावू नका.