शिट्टीवाली गाडी

गाडीचा टर्बो शिट्टी मारायला लागला तेव्हा ती माझी बायको चालवत होती. दुरुस्तीची भाषा मी तेव्हाच काढली होती, पण तिनं मला हात लावू दिला नाही.

गाडी डिझेलची, सेकंड हँड घेतलेली. बायको मुळशी धरणाच्या बाजूला एका उपकेंद्रात नर्स होती. आमच्या भुकूमहून तिकडे जायला एसटी मिळायची, येताना मात्र तिचा भरवसा नसायचा. म्हणून ती चाळिशीच्या तोंडावर गाडी शिकली. मी घोटावड्याकडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दिवसभर मोजायचं काम. नगाचं माप बसलं तर पुढे, नाही तर लाल डब्यात. त्यामुळे गाडीत नवा आवाज आला की तो आधी माझ्या कानाला खटकायचा.

टर्बो म्हणजे एकाच दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं एक फिरतो, त्याच्यामुळे दुसरा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा ढकलतो. दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. त्याला आधार असतो तो बुशमधल्या, म्हणजे त्याच्याभोवतीच्या कड्यांमधल्या, तेलाच्या पातळ थराचा. बुश झिजले की दांडा डुलायला लागतो, पंख्याची पाती कडेला घासतात, आणि चढावर जोर लागला की बारीक, वर चढत जाणारी शिट्टी ऐकू येते.

"रविवारी खोलून बघतो," मी म्हणालो होतो.

"अहो, राहू द्या ना," ती म्हणाली. "चढाला गाडी लागली की वरच्या वाडीतल्या बायकांना ऐकू जातं. मी पोचेपर्यंत पोरांना लसीला घेऊन आंब्याखाली येऊन बसलेल्या असतात. दारोदार हाका मारत फिरायला नको."

"टर्बो काय भोंगा आहे?"

"आहे. आणि तुमच्या लाल डब्यात टाकायचाच असेल तर मलापण टाका त्याच्याबरोबर."

वाडीतल्या एका बाईनं तिला सांगितलं होतं, "सिस्टर, गाडी नीट करू नगा बरं का. मग आमाला कसं कळायचं?" हे तिनं घरी आल्यावर दोनदा सांगितलं, एकदा मला आणि एकदा मुलीला. मी विषय सोडला.

आमच्या घरासमोरही चढ आहे. पौड रस्ता सोडून गाडी आत वळली की शिट्टी सुरू व्हायची, आणि ओट्यावर बसलेली माझी आई आतल्या माणसाला सांगायची, "आली. च्या टाका." गाडी अंगणात यायची, पण बायको लगेच उतरायची नाही. इंजिन चालू ठेवून बसून राहायची. आई रोज म्हणायची, "घरात यायचं जिवावर येतंय बाईच्या." सासूसुनेचं तसं बरं होतं. हे वाक्य म्हणजे आईच्या दिवसाचा एक भाग होता. मला वाटायचं, बायको दमली असेल, किंवा फोन बघत असेल. मी कधी विचारलं नाही.

ती आजारानं गेली. कळलं तेव्हा उशीर झालेला होता. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि मी कामावर जायला लागलो. गाडी उभी राहून बॅटरी उतरेल म्हणून एक दिवस तीच घेऊन गेलो. संध्याकाळी चढाला लागलो आणि शिट्टी वाजली. ओट्यावरून आईचा आवाज आला, "आली. च्या टाका."

आईचं विसरणं त्याआधीच सुरू झालं होतं. सून गेली त्या दिवशी तिला कळलं होतं, ती आमच्या सगळ्यांहून जास्त रडली होती. पण ते तिच्याजवळ टिकलं नाही. मी गाडीतून उतरलो तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू व्हय? मग ती आत गेली वाटतं." एवढं म्हणून ती शांत झाली. चहा प्यायली. थोड्या वेळानं तिला सुनेचंही काही आठवत नव्हतं आणि गाडीचंही.

एकदा मुलीनं तिला खरं सांगितलं. "आज्जी, अगं आई नाहीये आता." आईनं ऊर बडवून घेतला. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली, कारण तिच्यासाठी ते पहिल्यांदाच होतं. मग डोळे पुसून विचारायला लागली, "माजं डोळं का गं चुरचुरत्यात?" त्यानंतर मुलीनं कधी सांगितलं नाही. मीही गप्प राहायचो. शिट्टी वाजायची, आई म्हणायची "आली", आणि तिची संध्याकाळ नीट जायची. खरं सांगायचं तर माझीही. त्या चढावर, शिट्टी सुरू होऊन गाडी अंगणात येईपर्यंत, घरात कोणीतरी येत आहे असं मलाही वाटायचं. गाडीत मीच असायचो, तरी.

मग मुलीला माणला नोकरी लागली. आयटी पार्कातल्या एका कंपनीत, सुटायची वेळ अंधार पडल्यावरची. गाडी ती नेणार हे ठरलं. तोवर गाडी मागून निळा धूर सोडायला लागली होती आणि इंजिनातलं तेल कमी होत होतं. याचा अर्थ मला माहीत होता. बुश अजून झिजले आणि दांडा तुटला, तर डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच तेल ओढून पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. घोटावड्याच्या रस्त्यावर अंधारात मुलगी एकटी असताना असं होऊन चालणार नव्हतं. अनोळखी माणसाच्या गाडीसाठीसुद्धा मी असा नग पुढे पाठवला नसता.

"पप्पा, नवीन टर्बो टाकून घेऊ ना," मुलगी म्हणाली. "वर्कशॉपवाला एका दिवसात बसवून देतो."

"त्याची गरज नाही. आतला संच बदलला की होतं. मी करतो."

"तुम्ही? घरी?"

"मोजायची सगळी साधनं आहेत माझ्याकडे."

तिनं ओट्याकडे बघून हळूच विचारलं, "शिट्टी जाईल ना?"

"नीट काम झालं तर जाईल."

"आणि आज्जी?"

मी पान्यांची पेटी काढायला आत गेलो.

रविवारी सकाळी पडवीत जुनं दार दोन विटांच्या थरांवर आडवं टाकलं आणि त्यावर जुनी चादर अंथरली. टर्बो काढून ठेवला. नारळाएवढा असतो, पण वजनदार. दांड्याच्या टोकाला डायल गेज लावून दांडा मागे-पुढे ढकलला. जास्तीत जास्त नव्वद मायक्रॉन चालले असते. काटा एकशे सत्तरवर गेला. पंख्याच्या पात्यांच्या कडा धुळीनं खाल्लेल्या होत्या, आणि ती जिथे घासत होती तिथे आवरणाच्या आतून चकचकीत कडं पडलं होतं.

"इथून वाजायचं?" मुलीनं मोबाइलचा टॉर्च धरून विचारलं.

"इथून."

तिनं त्या कड्यावरून बोट फिरवलं आणि बोट बराच वेळ तसंच ठेवलं.

पंख्याचा नट, पंखा आणि दांडा यांच्यावर एका रेषेत खूण केली. जसं होतं तसंच परत बसलं पाहिजे, नाही तर तोल जातो. नटाचे आटे उलटे असतात, सोडवायला घट्ट करायच्या दिशेनं फिरवावं लागतं. मला माहीत होतं, तरी हात पहिल्यांदा चुकीच्याच बाजूला गेला. नट सुटला, पंखा निघाला, मग बुश. बोटांवर घेतले तर गुळगुळीत अंगठ्यांसारखे. मापले. दोन्ही मापाबाहेर.

मग मी मधला भाग रॉकेलनं धुवायला घेतला. तेल आत येतं ती नळी आणि त्यापुढची भोकं बघायची होती. इतक्या चाललेल्या गाडीत तिथे हमखास जळलेलं तेल सापडतं, काळं, दगडासारखं झालेलं. त्याचं कारण एकच. चढ चढून आलेली तापलेली गाडी लोक आल्या आल्या बंद करतात. तेलाचं फिरणं थांबतं आणि आहे ते तेल जागेवर करपतं. ते खरवडायला मी पितळेची तार तयार ठेवली होती.

तार लागली नाही. भोकं साफ होती. टॉर्च जवळ घेऊन परत बघितलं. धातूचा मूळ रंग दिसत होता.

गाडी घेतली त्या आठवड्यात मी बायकोला एकदा सांगितलं होतं, की घरी आल्यावर लगेच बंद करू नकोस, मिनिटभर चालू ठेव, टर्बो थंड होऊ दे. ती तेव्हा भाजी निवडत होती. "हं," म्हणाली होती. ऐकलं की नाही तेही मला कळलं नव्हतं. त्यानंतर आम्ही त्याविषयी कधी बोललो नाही. आई तिला रोज टोमणा मारायची, ती हसायची, आणि तरी अंगणात बसून राहायची.

"काय झालं, पप्पा?"

"काही नाही. आत स्वच्छ आहे."

"मग चांगलंच आहे ना?"

"हो. चांगलं आहे."

मी उठून नळावर हात धुवायला गेलो. हाताचं रॉकेल काही केल्या जाईना.

पंखे आणि दांडा तोल साधून घ्यायला भोसरीला नेले. तिथला माणूस पुड्यातले भाग बघून हसला. "काका, घरी खोललात? लोक घरी कुकर खोलतात." पण काम व्यवस्थित करून दिलं. पुढच्या रविवारी नवे बुश, नव्या रिंगा घालून खुणेला खूण जुळवून सगळं बसवलं. गेज लावलं. साठ मायक्रॉन. पुन्हा मोजलं, साठच. एरवी असं माप आलं की मला बरं वाटतं.

गाडीवर चढवून, वरून ताजं तेल ओतून इंजिन सुरू केलं. धूर नाही. चाचणीसाठी खरा चढ हवा होता, म्हणून मुलीला घेऊन धरणाच्या बाजूला गेलो, वरच्या वाडीच्या रस्त्यानं. गाडी चढ सहज चढली. काच खाली करून मी कान देऊन बसलो होतो. नुसता वारा. आंब्याखाली कोणी नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा एका बाईनं अंगणातून मान वर करून पाहिलं आणि परत धुणं पिळायला लागली.

घरी आलो. चढ चढला, अंगणात आलो, मिनिटभर इंजिन चालू ठेवून मग गाडी बंद केली. आई ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

"आत्ताच आलास?" ती म्हणाली. "ती कुटं ऱ्हायली?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"तिची गाडी ही काय, आज्जी," ती म्हणाली.

"ही न्हाई. तिची वाजती." आईनं परत रस्त्याकडे पाहिलं. "लई उशीर झाला की रं आज."

आतापर्यंत मी नुसता गप्प राहत होतो. खोटं असं काही बोललो नव्हतो. गप्प राहून आता भागणार नव्हतं.

"वरच्या वाडीत लसी द्यायच्या आहेत," मी म्हणालो. "उशीर होईल म्हणाली."

"मग तिचा च्या झाकून ठेव."

मी आत गेलो. एक कप जास्तीचा ओतला आणि त्यावर बशी ठेवली.

आता गाडी मुलगी नेते. गाडी चांगली चालते, तेल उतरत नाही. आई ओट्यावरून उठायला तयार नसते. संध्याकाळभर चढाकडे कान लावून बसते आणि मी तिला वाडीचं सांगतो. कधी मीटिंगचं सांगतो. अंधार पडल्यावर दिव्यांचा उजेड भिंतीवर येतो, तेव्हा कळतं की मुलगी आली. गाडी अंगणात लावते आणि लगेच उतरत नाही. इंजिन चालू ठेवून बसून राहते. तिला हे मी सांगितलेलं नाही. तिच्या आईनं सांगितलं असणार.

"घरात यायचं जिवावर येतंय पोरीच्या," आई म्हणते, आणि तोंड परत चढाकडे वळवते.