तिच्या बाजूची स्प्रिंग

ग्रीसचा वास आला की आणे गावातलं आमचं अंगण आठवतं. पोरानं दोन शिटांची हलकी स्पोर्ट्स गाडी आणली व्हती, पण ती एका अंगाला कलायची. स्प्रिंगा बसणाऱ्यांच्या वजनावर जुळवायच्या, म्हणून आमा दोघांना आत बसवून तो खाली पाना फिरवत व्हता. भुईला टेकलेल्या त्या शिटात कारभारणीला हसू आवरंना. पोरगा वरडला, "आई, हलू नको, माप चुकतंय!" ती म्हणाली, "आबांना सांग आधी, पोट आत घ्या म्हणावं!" मी मुद्दाम आणखी ताठ बसलो. गाडी अगदी समतोल झाली. आता कारभारणी न्हाई. मी एकटा बसलो की तिची बाजू जराशी वर राहते. पोरगा म्हणतो, "आबा, परत जुळवतो." मी त्याला पाना लावू देत न्हाई.