टाकीवरचा काटा

"बाबा, ट्रकच्या चाकाचे नट परत सैल! तुमच्या हातांत जोर नाही राहिला."

"हवेत जोर नाही. नट आवळायच्या गनपाशी दाबाचा काटा लावून बघ."

"हवेच्या टाकीवरचा काटा आठ दाखवतोय की! नाचता येईना, अंगण वाकडं."

"लाव तर, पोरी!"

लेकीने काटा लावला. बाबांनी गन चालवली आणि काटा पाचवर घसरला. महिन्यापूर्वी तिनेच गॅरेजात आणलेली हवेची लांब, बारीक नळी वाटेतच दाब खात होती. आणि तीस वर्षं चाकं बसवणाऱ्या बाबांना तिने सकाळीच सगळ्या कामगारांसमोर सांगितलं होतं, उद्यापासून घरी बसा.

"जाड नळी आजच आणते. उद्या याल ना, बाबा?"

बाबांनी गन जागेवर टांगली, हातमोजे काढून तिच्या टेबलावर ठेवले आणि ते बाहेर पडले.