याच्यातच दुसरा कलर

माझी बायको कपड्याच्या दुकानात शिरली की दुकानदाराला घाम फुटायचा. मेहकरच्या बाजारात मेथीच्या अन् सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून झाल्या की ती त्या एकाच दुकानात जायची, गादीवर मांडी घालून बसायची आणि पहिलंच लुगडं बघून म्हणायची, "भाऊ, डिझाईन हेच राहू द्या. याच्यातच दुसरा कलर दाखवा." तो लाल काढायचा, हिरवा काढायचा, ही मान हलवायची. जांभळा निघाला की गप्प. मी रिकामी पोती काखेत धरून दाराशी उभा. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "मावशी, दरसाली जांभळाच नेता, मंग पहिलेच काऊन सांगत नाई?"

ही म्हणाली, "पहिलेच सांगितलं तं बाकीचे पाह्याले भेटतीन का?"

ती उन्हाळ्यात गेली. ताप आला, दवाखान्यात नेली, आणली ती तशीच. अंगणात चटईवर निजवली. आमच्याकडे नवऱ्याच्या आधी बाई गेली की तिला हिरवं नेसवतात, आणि ते लुगडं तिच्या माहेरचं लागतं. तिचा भाऊ धामणगाव बढ्याहून घाट चढून आला, हातात पिशवी. आत हिरवीगार साडी, तिला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकलेली. मी म्हटलं, "पेटीत तिचं जांभळं आहे, ते नेसवा."

माझी मोठी बहीण म्हणाली, "तू गप बैस. नशीबवान आहे, भरल्या कपाळानं चालली. हिरवंच लागते."

"तिले हिरवं आवडत नाई."

"आता तिले काय समजते?"

बायांनी मला बाजूला सारलं. मी गोठ्याकडे गेलो, आलो तेव्हा सगळं झालं होतं. हिरवं लुगडं, हिरवा चुडा. ती माझी बायको वाटत नव्हती. त्या जागी गावातली कोणतीही बाई असती तरी अशीच दिसली असती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं जिच्यासोबत काढली तिला मी शेवटचं पाहिलं ते असं, परक्या रंगात. तेव्हापासून डोळे मिटले की तीच हिरवी बाई दिसते. शेतात वाकून जुड्या बांधणारी दिसत नाही, दुकानात हट्ट करणारी दिसत नाही. तेरवीनंतर तिची लुगडी वाटून झाली, पेटीतलं ते जांभळं बहिणीनं नेलं. रीत आहे. परत मागणार कोणाकडे?

आता एका खेळाचं सांगतो. माझी नात चिखलीला कॉलेजात शिकते. तिच्याजवळ पाटीएवढा मोबाईल आहे, त्याला टॅब म्हणतात. त्यावर ती गोळीबाराचा खेळ खेळते. कुठली कुठली पोरं आपापल्या घरी बसून दोन टोळ्या करतात आणि एकमेकांना मारतात. प्रत्येकानं एक गडी निवडायचा. त्यात एक बाई अशी आहे की ती स्वतःच्या टोळीतल्या जखमी गड्यांकडे औषध फेकते, ते उठून पुन्हा लढायला जातात. बायको जिवंत असताना नातीच्या बाजूला बसून मेथी निवडायची आणि त्या बाईवर नजर ठेवायची.

"ही कायले सारखी धावून राह्यली?"

"आजी, तिचं काम आहे ते. सगळ्याइले बरं करायचं."

"अन् तिले लागलं तं?"

"तिचं तिनं पाह्यचं."

"मंग आपल्यासारखीच आहे बिचारी," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली.

खेळ फुकट, पण आत दुकान. त्या दुकानात त्या बाईचा झगा वेगळ्या रंगात मिळतो. शिवण तीच, बाह्या त्याच, नुसता रंग दुसरा. त्यानं ती जोरात धावत नाही की तिला गोळी कमी लागत नाही. बायकोनं हे ऐकून घेतलं आणि पोरीला सरळ म्हणाली, "याच्यातच दुसरा कलर दाखव." नात बोट सरकवत गेली. जांभळा आला तशी बायकोनं तिचा हात धरला. "हा. हा घे."

"पैसे लागते, आजी. अन् फरक काहीच पडत नाई, नुसतं दिसते."

"दिसते म्हन्जे फरक पडलाच न." मग म्हणाली, "फुकट बोलावतात अन् लुगड्यात काढतात. आपला मेहकरवाला साधू आहे याइच्यापुढे." आम्ही तिघंही हसलो, ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली. आजी नसलेली पहिली दिवाळी होती. दुपारी ती ओट्यावर टॅब घेऊन बसली होती, मी बाजूला. दुकान उघडलं तर जांभळा झगा वरच लावलेला. सणापुरता आहे, मग काढून घेतील, म्हणाली.

"घे," मी म्हटलं.

"कोनासाठी, आबा? तुम्ही कुठं खेळता?"

"तुझ्या आजीसाठी."

तिनं माझा फोन मागून घेतला. मग तिनं माझ्या नंबरावर वेगळं खातं काढलं. सुट्टी संपल्यावर हा टॅब घरीच ठेवीन, म्हणाली. मी मेथीच्या पैशातून तिला पैसे दिले, एका बऱ्या लुगड्याचे. मुलाला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "बाबा, ज्याची घडी घालता येत नाई, अंगावर घेता येत नाई, अशा कपड्याले पैसे देल्ले?"

मी म्हटलं, "तुझ्या मामानं हिरवं आनलं त्याची तरी कुठं घडी घातली? जाळलंच न आपन."

तो ताटावरून उठून गेला. मी जेवलो.

तर तो झगा घेतला, खेळ सुरू केला आणि मला दिसले फक्त हात. कोपरापर्यंत जांभळ्या बाह्या, पुढं बंदूक. बाई कुठंच नाही. मी म्हटलं, "अवं, हे काय? बाई कुठं गेली?"

"आबा, बाई तुम्हीच आहा. आपन आपल्याले कसे दिसू? बाकीच्याइले दिसून राह्यली ती."

म्हणजे पैसे मी भरायचे आणि बघायचं जगानं. दुकानात ती उभी होती म्हणा, पण कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी, गोल गोल फिरणारी. ती नको होती मला. मी हातांकडेच बघत राहिलो. माझी बोटं राठ, काचेला ती कळत नाहीत. पुढं जायचं तर मी मागं जायचो. असाच चाचपडत असताना कोणीतरी गोळी मारली.

आणि चित्र मागं सरकलं. वरून दिसलं. ती जमिनीवर कुशीवर पडली होती, पायापासून डोक्यापर्यंत जांभळी. चार-दोन श्वास तशीच राहिली, मग खेळानं तिला पहिल्या जागी नेऊन पुन्हा उभी केली. पुन्हा नुसते हात.

खेळानं उभी केली त्याचं मला काही नाही. पडलेली पाहायची होती. अंगणात जशी निजवली होती तशी, पण तिच्या रंगात.

त्यानंतर मी औषध फेकलं नाही. मोकळ्या मैदानात जाऊन उभा राहायचो. ते मारायचे, ती पडायची, मी बघायचो. टोळीतलं एक पोरगं टॅबातून हिंदीत ओरडलं, "अबे, मरने आता है क्या?" नातीनं सांगितलं, माझे आजोबा आहेत. तो म्हणाला, "चाचा, घर पे बैठो ना."

मी म्हटलं, "घरीच तं बसलो हाव." ती सगळी खूप हसली. नात हसली नाही.

"आबा, तुम्ही मुद्दाम मरून राह्यले का?"

"ती पडली तेव्हाच पुरी दिसते."

तिनं टॅब उलटा ठेवला, जरा वेळानं परत माझ्या हातात दिला. म्हणाली, "बाकीचे हरते तुमच्यापायी. तक्रार करतीन. खातं बंद होते असं केल्यानं." मी एक दिवस नीट खेळून पाहिलं. एका जखमी गड्याला औषध फेकलं, ते भिंतीला लागलं. तोही मेला, मीही मेलो. ती पडली ती बघितली.

सुट्टी संपली, नात चिखलीला गेली, टॅब माझ्याजवळ राहिला. दुपारी शेतातून आलो की उघडायचो. एकदा ओट्यावरच डोळा लागला आणि मिटल्या डोळ्यांना अंगणातली चटई दिसली, आणि चटईवर जांभळं. तोंड दिसलं नाही, पण लुगडं जांभळं होतं. जागा झालो तसा पुन्हा टॅब उघडला. असंच चालू राहिलं तर हिरवी पुसली जाईल, असं वाटलं.

मग एका दुपारी खेळ उघडेना. तांबडी पाटी आली, इंग्रजीत. मी चौथी शिकलेला. मुलाला दाखवली. त्यानं वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. "जानूनबुजून मरता, असं लिवलं आहे. खातं कायमचं बंद केलं."

"अन् रंग?"

"तो खात्यातच होता, बाबा."

 तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

नात संक्रांतीला आली. म्हणाली, नवीन खातं काढू, माझ्याच पैशानं घेऊ. ओट्यावर बसून दुकान उघडलं. तीच बाई, तोच झगा.

"याच्यातच दुसरा कलर दाखव," मी म्हटलं.

नारिंगी आला. काळा आला. मग हिरवा आला, तिथं पोरीचं बोट थांबलं नाही, भर्रकन पुढं गेलं. शेवटी फिरून पहिला पांढरा आला.

"एवढेच आहे, आबा. जांभळा काढून घेतला त्याइनं."

"पुन्हा कधी येईन तो?"

"सांगता येत नाई. येईन बी, नाई बी."

मी टॅब तिला देऊन टाकला, घेऊन जा म्हटलं, इथं धूळ खाईल. बहिणीकडं लुगडं मागायला अजून गेलो नाही, जाणार नाही. तिनं ते नेसून जुनं केलं असेल. संध्याकाळी चटई टाकून ओट्यावर पडतो. डोळे मिटायची भीती वाटत नाही. काय दिसणार ते ठाऊक आहे, तीच हिरवी.